काळ्या केसांचा काढा

पहिला काढा मी उकळला तेव्हा त्यात पुडीही उकळली. नव्या बुटांच्या खोक्यात असते ना, ती ओल शोषून घेणारी छोटी पांढरी पुडी, तीच. पाकिटातल्या मुळ्या, साली, बिया, कसलीशी सुरकुतलेली फळं असं सगळं चहाच्या पातेल्यात ओतलं, त्यात तीही गेली. मला वाटलं चिनी कापूर असेल. मंद आचेवर आटवलं, गाळलं, डोळे मिटून अर्धा पेला घशाखाली उतरवला. निसर्गाशी आपलं नातं जुळतंय असं वाटायला लागलं न लागलं, तोच आमची ईरा गाळणीत वाकून बघत म्हणाली, "बाबा, इट सेज डू नॉट ईट. इन फोर लँग्वेजेस."

"त्यात मराठी आहे का?"

"नो."

"मग?"

हा माझा युक्तिवाद. पुढचं वाचताना तो लक्षात ठेवा, म्हणजे माझ्याबद्दल फार वाईट वाटणार नाही.

त्या पुडीने मला काहीही केलं नाही. जे केलं ते त्या मुळ्यांनी, ज्यांच्यावर 'खाऊ नका' असं कुठल्याच भाषेत लिहिलं नव्हतं.

ग्रँडफादर

मी सुहास. राहतो शारजात, अल मजाजला. नोकरी दुबईत, सिलिकॉन ओएसिसला. म्हणजे आयुष्याचा बराचसा भाग या दोघांच्या मधल्या ट्रॅफिकमध्ये. बायको माधवी एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघते. ईरा नववीत. आम्हाला उशिरा झाली, त्यामुळे तिच्या वर्गातल्या पोरांचे बाप जिमला जातात आणि मी फिजिओथेरपीला.

शाळेत पेरेंट-टीचर मीटिंग होती. तिच्या सायन्सच्या टीचर नव्या होत्या. मला बघून खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि म्हणाल्या, "ओह ईरा, यू गॉट युअर ग्रँडफादर! सो स्वीट!"

ईराने दुरुस्त केलं नाही. मी खोकलो. तरी नाही. खाली पार्किंगमध्ये विचारलं, "सांगायचं नाहीस का, बाबा आहेत म्हणून?"

"इट वॉज फास्टर, बाबा."

घरी येऊन आरशात पाहिलं. डोकं पांढरं होतंच, पण त्या दिवशी ते एखाद्या वयस्कर, इस्त्री न केलेल्या कबुतरासारखं दिसलं. इथे केसांचं काहीही झालं की पाण्याला दोष द्यायची पद्धत आहे. समुद्राचं पाणी गोड करून नळाला येतं, त्याने केस जातात, पिकतात, असं प्रत्येकजण प्रत्येकाला सांगतो. ज्यांचे वडील, काका, आजोबा सगळे तिशीत टकले झाले, तेसुद्धा इथे येऊन पाण्यावर खापर फोडतात. मीही फोडलं. आणि ऑफिसातल्या एकाने एका चिनी वैद्याचा पत्ता दिला.

प्लास्टिकचा बांबू

दुबई मरीनातला टॉवर, बऱ्याच वरचा मजला, न उघडणाऱ्या खिडक्या. आत एसी इतका की खांद्यावर घ्यायला शाल ठेवली होती. वाहत्या ओढ्याचा आवाज स्पीकरमधून. कोपऱ्यात बांबूचं बन. मी बसल्या बसल्या एका बांबूला नख लावून पाहिलं. प्लास्टिक. इथवर माझी काही चूक नाही. चूक अशी, की नख लावून झाल्यावरही मी बसून राहिलो.

चिनी वैद्यबुवा सौम्य, हसतमुख, कोळशासारख्या काळ्या केसांचे. त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ काहीतरी ऐकलं. जीभ बाहेर काढायला लावली, ती बघून दुःखी झाले. मग इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही वाळवंटात राहता. बाहेर जे असतं तेच आत होतं. किडनी म्हणजे पाणी. लिव्हर म्हणजे झाड. पाणी आटलं, झाड सुकलं. केस म्हणजे त्या झाडाची पानं."

काय सांगू, मला पटलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणीही इतक्या हळुवारपणे झाड म्हटलेलं नसतं.

त्यांनी एका मुळीचे काप दाखवले. रताळं कापून उन्हात विसरलं तर होईल तसे, काळपट तांबूस. कुणा म्हाताऱ्याने ही मुळी खाल्ली, त्याचे केस काळे झाले, वर मुलंही झाली, अशी गोष्ट सांगितली. "तीन आठवडे घ्या, मग थांबा आणि मला येऊन भेटा," असंही म्हणाले. हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि ते फी उकळायची युक्ती म्हणून बाजूला ठेवलं होतं. म्हणजे बघा, मुळीची गोष्ट खरी मानली आणि त्या माणसाचं एकमेव शहाणपणाचं वाक्य खोटं.

परतताना रस्त्याकडेची खजुरीची झाडं बघत होतो. आमच्या इथे प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची काळी पाईप असते. ती एक आठवडा बंद राहिली तर तो सगळा हिरवा निसर्ग खलास. मला वाटलं, आपलीही पाईप आता जोडली गेली.

घरी माधवीला सांगितलं, "लिव्हर म्हणजे झाड असतं."

ती मेथी निवडत होती. "आणि मेंदू?"

"मेंदूचं काही बोलले नाहीत."

"सापडला नसेल."

मळ बाहेर पडतो

वैद्यबुवांची पाकिटं संपल्यावर मी परत गेलो नाही. तीच मुळी एका घाऊक बाजारात पोत्यात मिळाली. नंतर कळलं की वैद्याकडची मुळी शिजवून, वाफवून तयार केलेली असते आणि पोत्यातली कच्ची. मला काय माहीत! मी ती मुठीने टाकत होतो. वर आपल्या घरची सवय: चोथा फेकवत नाही, म्हणून संध्याकाळी तोच परत उकळायचा. कुठल्याही चिनी ग्रंथात नसलेली ही उपचारपद्धती माझी स्वतःची.

केस काळे झाले का? मला वाटलं झाले. माधवी म्हणाली, बाथरूमचा एक बल्ब गेलाय.

मग थकवा सुरू झाला. फोडणीच्या वासाने मळमळायला लागलं. हे सगळं मी आनंदाने सोसलं, कारण इंटरनेटवर निसर्गोपचाराच्या एका पानावर लिहिलं होतं की आधी शरीरातला मळ बाहेर पडतो. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तेव्हा तर मला समाधान वाटलं. पडतोय, म्हटलं, मळ पडतोय. ते पान लिहिणाऱ्याबद्दल माझ्या मनात आज जे आहे ते इथे लिहिता येणार नाही. पण ते वाचून स्वतःची पाठ थोपटणाऱ्याबद्दल जे आहे ते याहून वाईट.

निदान झालं लिफ्टमध्ये. आमच्या वरच्या मजल्यावर मुश्ताकभाई राहतात, मूळचे रत्नागिरीकडचे. शारजातल्याच रोल्ला बाजारात त्यांचं एसीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. रमजान नुकताच लागला होता, ते इफ्तारच्या खजुरांची पिशवी घेऊन चढले. लिफ्टमधला दिवा पांढरा फटफटीत. माझ्याकडे बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"सुहासभाई, डोळे बघितलात आरशात?"

"केस बघतो रोज. का?"

"केसांना घाला चुलीत. डोळे हळदीने माखल्यासारखे दिसतायत. वहिनींना बोलवा खाली. यल्ला, चला, गाडी काढतो."

त्यांनी रोजा गाडीतच सोडला, सिग्नलला, एका खजुराने. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने मला खजूर पुढे केला. मला ओकारी आली. त्यांनी माझ्या बाजूची काच खाली केली. केस काळे करायला गेलो आणि डोळे पिवळे करून आलो, हे तेव्हा त्या उघड्या काचेतून येणाऱ्या हवेत मला पहिल्यांदा जाणवलं. अजून भीती नव्हती. लाज होती.

नाही

डॉक्टर हिशाम इजिप्तचे. भरदार, घोगऱ्या आवाजाचे, सगळ्यांना हबीबी म्हणणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी नीट विचारलं.

"दारू?"

"नाही."

"कसल्या गोळ्या? पेनकिलर?"

"नाही."

"हर्बल? सप्लिमेंट? बाहेरचं काही?"

"नाही," मी म्हणालो. जरा अभिमानानेच म्हणालो. वजन कमी करायचे चहा, बॉडी बनवायचे डबे असलं काही मी घेत नाही, असा माझा सूर होता.

माधवी शेजारी उभी होती. तिनेही मान हलवली, नाही.

आम्ही खोटं बोलत नव्हतो. हेच तर सांगायचंय. आपल्याकडे औषध म्हणजे ज्याला पट्टी असते, बाटली असते, डॉक्टरचं अक्षर असतं. चहाच्या पातेल्यात आपल्याच गॅसवर उकळतं ते औषध नसतं. सर्दीला आलं-तुळस, तापाला गुळवेल, बाळंतिणीला शेपा. ते घेतल्याचं आपण डॉक्टरला सांगतो का? आमटी प्यायल्याचं सांगतो का? काढा हा काढा असतो. तो चीनमधून आला तरी पातेलं आमचं होतं.

एवढ्या गाढवपणासाठी दोन पदव्या लागतात. एक माझी, एक तिची.

पाईप

हॉस्पिटलचं रूटीन सांगण्यासारखं काही नाही. उजाडता रक्त. मग पाव आणि चव नसलेलं काहीतरी. मग इन्शुरन्सच्या अप्रूव्हलची वाट. मागून उघडा असणारा तो झगा, ज्याने माणसाचा अहंकार मागच्या बाजूने निघून जातो. हाताला सलाईन. वर टांगलेली पिशवी, खाली येणारी नळी, थेंब थेंब. मी त्या नळीकडे बघत पडायचो. झालो एकदाचा झाड, म्हटलं.

कावीळ झालेल्यांनी ओळखलं असेल, मी खाजेबद्दल अजून बोललो नाही. बोलवत नाही. ती कातडीला नसते, कातडीच्या आत कुठेतरी असते, जिथे नख पोचत नाही. माधवी ऑफिसातून थेट यायची, पर्स ठेवायची आणि पाठ खाजवायला बसायची. कशाने? माझ्या नव्या केसांसाठी मी घेतलेल्या लाकडी कंगव्याने. त्या कंगव्याचा तेवढाच उपयोग झाला. पण झाला. त्या पूर्ण महिन्यात मला कुणी दिलेलं सगळ्यात मोठं सुख ते. उपनिषदातलं आणि चिनी ग्रंथातलं सगळं ज्ञान एका पारड्यात टाका, त्या कंगव्याचा एक दात जड भरेल.

रोज राऊंडला डॉक्टर मला दोन्ही हात पुढे करायला लावायचे, पंजे ताणून, ते थरथरतात का बघायला. मग विचारायचे, कुठे आहात? आज वार कोणता? लिव्हर हरायला लागलं की म्हणे डोकं धूसर होतं. ते कळल्यापासून मला वाराची दहशत बसली. माधवी जाण्याआधी माझा अभ्यास घ्यायची. "उद्या काय?" "बुधवार." "परवा?" परीक्षेच्या आदल्या दिवशीसारखं.

एके दिवशी ईरा सकाळीच माझ्या खोलीत होती. शारजातल्या शाळांना शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं, "फ्रायडे."

डॉक्टर थांबले. पेन थांबलं. नर्सने माधवीकडे पाहिलं. ईरा म्हणाली, "इट्स मंडे, बाबा. आय टुक लीव्ह."

मग माधवी म्हणाली, "डॉक्टर, तब्येत ठणठणीत असतानाही यांना वार माहीत नसतो. लग्नाच्या दिवशी भटजींना विचारलं होतं."

डॉक्टर हसले. पण त्यांनी मला शंभरातून सात वजा करत जायला लावलं. मी करत गेलो, घामाने भिजत. ईरा खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत नव्हती.

माळ

या काळात आपली माणसं काय करत होती? पाठवत होती. व्हॉट्सॲपवर भुईआवळा, उसाचा रस, नाकात टाकायचे थेंब, चुन्याच्या पाण्याने हात धुवायचा विधी. चिनी वैद्यावर मनसोक्त हसलेला माझा पुण्याचा मेहुणा, त्याने कुणा बाबांच्या पाल्याचा पत्ता पाठवला. निसर्ग चिनी असला की थोतांड आणि आपला असला की परंपरा.

इस्लामपूरच्या ताईने तर काविळीची माळ पाठवली, कुणा येणाऱ्याबरोबर, लोणच्याच्या डब्यात घालून. काड्यांची माळ असते. ती गळ्यात घालायची. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत जाते, लांब होत होत पोटाशी येते, असा तिचा लौकिक. ताई फोनवर म्हणाली, "काढायची नाही हं. आंघोळीलासुद्धा." मी घातली. लोणच्याचा वास येत होता. स्कॅनला नेताना नर्सने विचारलं, हे काय? मी म्हणालो, फॅमिली. तिने ती न हसता काढून उशीखाली ठेवली. तिच्या देशातही असलंच काही असणार.

रिपोर्ट मात्र रोज वर चढत होते. काविळीचे सगळे प्रकार तपासून झाले, एकही सापडेना. आणि माझी फार्मसी चालूच होती. कारण माझं तर्कशास्त्र बघा: वैद्यबुवा म्हणाले होते, ही मुळी लिव्हरच्या झाडाला पाणी घालते. आता लिव्हरच आजारी पडलंय म्हटल्यावर काढा बंद करून कसं चालेल? मी माधवीच्या मागे लागलो. तिला तो काढा कधीच आवडला नव्हता, पण आजारी माणसाचा हट्ट म्हणून ती रोज सकाळी थर्मास भरून आणायची. नर्सना वाटायचं चहा आहे. मी दोन कप प्यायचो. आधी एक प्यायचो.

तुम्ही काय घेता?

एका दुपारी डॉक्टर हिशाम खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजावं. त्यांनी हबीबी म्हटलं नाही. म्हणाले, रक्त गोठायला वेळ लागतोय. कारण सापडत नाहीये. अजून दोन-चार दिवसांत उतार पडला नाही तर अबू धाबीला हलवू, तिथे ट्रान्सप्लांटची टीम आहे. आत्ता गरज पडेलच असं नाही, इन्शाल्ला पडणार नाही, पण माहीत असावं.

मला एकदम काय आठवलं असेल? व्हिसा. माझ्या नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर ईराची शाळा. माणूस मरायच्या आधी इथे त्याचं रेसिडेन्सी कार्ड मरतं. मग ईराचे ते हलणारे खांदे आठवले आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर उठून दारापर्यंत गेले तेव्हा माधवी त्यांच्या मागे गेली. तिला वाटलं मला झोप लागलीय. तिचं इंग्रजी अकाउंट्सचं आहे, नेमकं.

"डॉक्टर, बायको देऊ शकते का? अर्धं?"

"ग्रुप जुळला तर बघता येतं."

"माझा ओ पॉझिटिव्ह आहे. ओ सगळ्यांना चालतो ना?"

"एवढ्यात नको, मादाम. अजून ती वेळ नाही."

"वेळ आल्यावर धावपळ नको. आत्ताच विचारून घ्या मला जे विचारायचं ते."

डॉक्टरांना बहुधा तिची समजूत काढायची होती, म्हणून त्यांनी उभ्या उभ्या विचारायला सुरुवात केली. वय? शुगर? कावीळ झाली होती कधी? ऑपरेशन? ती उत्तरं देत होती, एकेक, हिशोबासारखी. मी डोळे मिटून ऐकत होतो. मी या बाईला आयुष्यात कधी दागिना नीट घेतला नाही आणि ही दारात उभी राहून लिव्हरची मापं देत होती.

"कसली औषधं? हर्बल वगैरे? घरगुती चहा, काढे?"

"मी नाही घेत," माधवी म्हणाली. "फक्त हे घेतात."

"काय घेतात?"

"काढा. औषध नाही ते डॉक्टर, नॅचरल आहे. केसांसाठी."

"कुठला काढा?"

"चायनीज. आत्ताही दिलाय की. थर्मासमध्ये आहे."

डॉक्टर परत आत आले. मी झोपेचं सोंग सोडलं. त्यांनी थर्मासचं झाकण काढलं, वास घेतला, बेसिनपाशी गेले आणि सगळा काढा ओतून टाकला. मग नळ सोडला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कधीपासून?"

मी सांगितलं. पोतं, मूठ, चोथा, सगळं. झाड आणि पाण्याचंही सांगितलं, सवयीने.

"हबीबी," ते म्हणाले, आणि या वेळी त्या शब्दात हबीबी काहीच नव्हतं, "लिव्हर म्हणजे झाड नाही. लिव्हर म्हणजे लिव्हर. तुम्ही तोंडातून जे टाकता ते सगळं त्याला सोसावं लागतं. नॅचरल असलं तरी. सापाचं विष नॅचरल असतं."

"वैद्यांची मुळी शिजवलेली होती. माझीच कच्ची होती," मी उगाच म्हणालो.

"शिजवलेलीनेही झालेलं मी पाहिलंय. लिव्हर रेसिपी विचारत नाही."

माधवी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. रोज सकाळी ऑफिसच्या आधी उठून तिने स्वतःच्या हाताने तो थर्मास भरला होता. मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हाताने थांबवलं. मग थर्मास उचलला, बाहेर गेली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. चांगला होता थर्मास, लग्नातला. मी पुढे कधी त्याबद्दल विचारलं नाही.

उतार

काढा थांबवल्यावर आकडे दोन दिवस आणखी चढले, मग तिथेच अडकले, मग कंटाळल्यासारखे उतरायला लागले. कुणी काही केलं नाही. लिव्हरने स्वतःच केलं. इतके दिवस मी त्याला काय काय पाजलं आणि ते बिचारं तोंडातून शब्द न काढता कामाला लागलं. निसर्गाशी नातं म्हणतात ते हे असेल तर मान्य आहे. त्याला पाकीट लागत नाही.

माळही लांबली. खोटं कशाला सांगू, खरंच छातीवरून पोटाशी आली. ताईने फोनवर सगळ्या गल्लीला सांगितलं. काड्या सुकल्या की दोरा सैल पडतो, हे मी तिला समजावलं नाही. एका आजारपणात एकच मूर्ख पुरे, आणि ती जागा भरलेली होती.

तुम्ही आत्ता हॉस्पिटलच्या पलंगावर पडून हे वाचत असाल तर एकच करा. डॉक्टरने "काही घेता का?" विचारलं की तुमच्या स्वयंपाकघराचा ओटा डोळ्यांसमोर आणा आणि त्यावरचं सगळं सांगा. हळद घातलेल्या दुधापासून सांगा. ते हसतील. हसू द्या.

घरी आल्यावर अंगात ताकद आली तसा मी मरीनाला गेलो, भांडायला. वाक्यं पाठ करून गेलो होतो. वैद्यबुवांनी सगळं ऐकलं, शांतपणे माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "मी थांबा म्हटलं होतं. परत या म्हटलं होतं." मग म्हणाले, "लिव्हरमध्ये खूप राग आहे. झाड पेटलंय. यासाठी दुसरी एक मुळी आहे." मी त्यांच्याकडे बघत राहिलो. उन्हाची तिरीप त्यांच्या कानामागे पडली होती. तिथे, कोळशाच्या केसांच्या कडेला, कातडीवर काळा डाग होता. कलपाचा. घाईघाईत लावताना पडतो तसा.

ओढा स्पीकरमधून वाहतच होता. मी उठलो. जाता जाता बांबूला पुन्हा एकदा नख लावलं. या वेळी जरा जोरात.

त्यानंतर

पुढच्या टर्मला पुन्हा पेरेंट-टीचर मीटिंग. या खेपेला माधवीही आली. माझं वजन उतरलेलं, गाल आत गेलेले, केस पूर्वीपेक्षा पांढरे. मॅथ्सच्या टीचरनी ईराची खूप स्तुती केली, मग माधवीकडे वळून म्हणाल्या, "अँड हाऊ नाइस, ग्रँडपा आल्सो केम."

ईरा या वेळी म्हणाली, "ही इज माय फादर, मिस." स्पष्ट आणि मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्यांनीही वळून पाहिलं. टीचर लाल झाल्या. मी लाल झालो, आणि पिवळ्यानंतर तो रंगही मला बरा वाटला.

गाडीत बसलो. ईरा मागे कानात इअरफोन घालून. बाहेर ऊन, पाईप लावलेली खजुरीची रांग. मी गाडी सुरू केली नाही.

"बघ ना," मी म्हणालो, "परत तेच. आता तर तुझ्यासमोर. थोडा कलप लावला तर? वरून वरून, प्यायचा नाही."

माधवीने पट्टा लावला. पर्समधून गॉगल काढून घातला.

"लावा," ती म्हणाली. "काळे करा, निळे करा, डोकं तासून या. मला काही फरक पडत नाही. पण आजोबा म्हणाली म्हणून एवढं चिडू नका. मला तुम्हाला आजोबा झालेलंच बघायचंय. तेवढं टिका. आता गाडी काढा, एसी लागत नाहीये."